गोड रक्ताचे मानकरी

मनुष्याला आपल्या पीडेचाही अभिमान वाटू शकतो, हे ज्यास पटत नसेल त्याने पावसाळा सरत आल्यावर, चार-सहा मंडळी गच्चीवर खुर्च्या टाकून बोलत बसली असता, दिवेलागणीच्या सुमारास तेथे जाऊन मुकाट्याने बसावे. प्रथम कोणी एक गृहस्थ पोटरीवर चापट मारतात; मग मानेवर; मग दुसऱ्याचे बोलणे अर्ध्यावर तोडून दोन्ही तळहात हवेत एकमेकांवर आपटतात, ते उघडून त्यांत काहीच नसल्याची खात्री करून घेतात, पाय वर ओढून खुर्चीतच मांडी घालतात, आणि एव्हाना सर्वांचे लक्ष आपल्याकडे गेले आहे असे दिसताच, पूर्वीचे लोक ज्या सुरात आपल्या घराण्याकडे चालत आलेल्या इनाम गावाचा उल्लेख करीत त्या सुरात सांगतात, "काय आहे, आम्हांला फार चावतात. आमचं रक्तच गोड." यात तक्रार केवळ नावापुरती असते. वडिलांना चावत, आत्याला तर मच्छरदाणीत शिरून चावत, आणि आता धाकट्या मुलीनेही तोच वारसा उचलला आहे, अशी वंशावळ यानंतर क्रमाने सादर होते. आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही ती आवरती घ्या म्हणण्याचा धीर होत नाही, कारण डासांनी वगळलेल्या कुळात जन्म घेतल्याचा एक अस्पष्ट कमीपणा त्या वेळी सर्वांनाच जाणवू लागलेला असतो.

सर्वांनाच म्हणणे मात्र पूर्णतः खरे नव्हे. अशा प्रत्येक बैठकीत विरुद्ध पक्षाचाही एक वकील असतो, आणि तो अशा क्षणाचीच वाट पाहत असतो. "मला एकही चावत नाही," हे त्याचे कैफियतीतले पहिले कलम. आणि त्याचे श्रेय तो पहाटे घेतलेल्या कारल्याच्या रसाला, पाडव्याला नाक न मुरडता चावलेल्या कडुनिंबाला, किंवा एकंदर निर्व्यसनी जीवनाला देतो. गोड रक्त हे जर घराण्याचे वैभव असेल, तर कडू रक्त हे स्वकष्टार्जित पुण्य आहे, असा त्याचा भाव असतो. या दोघांच्या मध्ये कोणी तरुण असला तर तो मोबाइलवरून मान वर न करता, "ओ पॉझिटिव्ह असेल तुमचा," एवढेच म्हणतो, आणि शास्त्राच्या दप्तरातील अखेरचा हुकूम वाचून दाखविल्याच्या समाधानाने पुन्हा मान खाली घालतो.

वस्तुस्थिती अशी आहे की या साऱ्या दाव्यात रक्ताच्या चवीचा संबंध जवळजवळ नाही. चावते ती केवळ मादी. आणि तिला रक्त हवे असते ते अंडी पोसण्याकरिता. स्वतःचा चरितार्थ ती नराप्रमाणेच फुलांतला मध आणि झाडापानांचे रस यांवर चालविते. (नर तर जन्मभर शाकाहारी राहून पत्नीच्या अपराधाबद्दल भिंतीवर चिरडला जातो, पण त्याची फिर्याद कोणी दाखल करून घेत नाही.) अर्थात जिची गोडाची हौस बागेतच भागते, ती गोडासाठी आपल्या दारी येते असे म्हणण्यात काही स्वारस्य नाही. तिला हवी असतात प्रथिने. शिवाय रक्ताची चव कळायची ती सोंड खुपसल्यावर. आणि कोणाच्या अंगावर उतरायचे याचा निर्णय त्याच्या पुष्कळ आधी होऊन चुकलेला असतो. आपण उच्छ्वासावाटे सोडलेल्या कर्बवायूचा झोत तिला कित्येक मीटरांवरून लागतो आणि त्या झोताच्या धोरणाने ती जवळ येते. जवळ आल्यावर त्वचेच्या गंधावरून, मग अंगाच्या उबेवरून आणि ओलाव्यावरून ती आपले लक्ष्य ठरविते. देह मोठा तर उच्छ्वास मोठा, म्हणून स्थूल मनुष्य आणि नुकताच जिना चढून आलेला मनुष्य यांच्याकडे तिचे लक्ष आधी जाते. गँबियात झालेल्या आणि २००० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या एका पाहणीत गर्भवती स्त्रियांकडे इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट डास आकृष्ट झालेले आढळले, त्यामागेही वाढलेला उच्छ्वास आणि उष्मा हीच कारणे सांगितली गेली. अखंड बोलत राहणाऱ्या मनुष्यास याच न्यायाने डासांनी अधिक चावावे असे मला फार वाटते. पण त्यास पुरावा मिळत नाही, आणि सभेच्या व्यासपीठावर पंखा बहुधा वक्त्याकडेच वळविलेला असतो.

रंगाचीही तिला आवडनिवड आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये असे दाखविले की, कर्बवायूचा वास लागल्यावर एडिस जातीची मादी काळ्या, लाल, नारिंगी रंगांकडे झेपावते आणि हिरव्या, निळ्या, पांढऱ्या रंगांची फारशी दखल घेत नाही. काळा कोट घालणाऱ्या वकीलवर्गाने याची नोंद घ्यावी. आणि मनुष्याची कातडी, मग ती गोरी असो वा सावळी, तिच्या दृष्टीने तांबूस-नारिंगीच असते, त्यामुळे 'गोऱ्या माणसाला जास्त चावतात' ही जी आपल्याकडे कोणत्याही आधाराशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत आहे, ती खुद्द डासांच्या कानी अद्याप गेलेली दिसत नाही.

परंतु सर्वांत मोठा घाला या अभिमानावर घातला तो एका डच संशोधकाने. बार्ट नॉल्स हे त्यांचे नाव. हिवतापाचा प्रसार करणारा आफ्रिकेतील ॲनॉफिलीस गँबिए हा डास मनुष्याच्या कोणत्या भागास पसंती देतो हे ठरविण्यासाठी हे गृहस्थ अंगावर वस्त्र न ठेवता खुर्चीवर बसून राहिले आणि डास सोडून ते कोठे बसतात याची नोंद केली. शास्त्राच्या इतिहासात दिगंबर अवस्थेत स्नानगृहातून उठून धावलेला आर्किमिडीज सर्वांना ठाऊक आहे. पण शांतपणे, ठरवून, चावून घेण्यासाठी त्या अवस्थेत बसणाऱ्याची योग्यता मला अधिक वाटते. डासांचा बहुसंख्य कौल पावलांच्या बाजूने पडला. जंतुनाशक साबणाने पावले स्वच्छ धुतल्यावर तो कौल फुटला आणि डास अंगभर विखरून बसू लागले. म्हणजे मोहिनी पावलांची नव्हती, पावलांवर नांदणाऱ्या सूक्ष्म जंतूंच्या वासाची होती. आणि युरोपातील लिंबर्गर नावाच्या अत्यंत उग्र वासाच्या चीजला तो वास ज्या जंतूमुळे येतो, त्याचा जवळचा भाऊबंद मनुष्याच्या बोटांच्या बेचक्यांत राहतो हे ध्यानात घेऊन, नॉल्स यांनी ते चीज डासांपुढे ठेवले, तर डास त्यावरही लुब्ध झाले. या शोधाबद्दल त्यांना २००६ साली हसवून मग विचार करावयास लावणारे 'इग नोबेल' पारितोषिक मिळाले. आता, "आमचं रक्तच गोड" म्हणणाऱ्या गृहस्थांना ही हकिगत कोणी सांगावी? मी स्वतः ती सांगत नाही. त्यांच्या मोज्यांकडे पाहतो आणि चहाचा घोट घेतो.

घराण्याचा दावा मात्र अगदीच निराधार नाही, हे न्यायाने कबूल केले पाहिजे. लंडनमधील उष्णकटिबंधीय रोगविज्ञानाच्या विख्यात संस्थेतील मंडळींनी २०१५ मध्ये जुळ्या भगिनींच्या हातांचा वास डासांना देऊन पाहिला. तेव्हा दिसण्यात एकरूप असलेल्या जुळ्यांना डासांनी जवळजवळ सारखाच मान दिला, आणि केवळ पाठोपाठ जन्मलेल्या, रूपाने भिन्न अशा जुळ्यांच्या बाबतीत मात्र निवडीत अधिक अंतर पडले. म्हणजे वतन वंशपरंपरेने चालते हे खरे. फक्त ते रक्ताचे नसून वासाचे आहे. आणि ते मरेपर्यंत सुटत नसावे, असे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील प्रयोगावरून दिसते. तेथे लेस्ली वोशॉल यांच्या प्रयोगशाळेत माणसांना नायलॉनच्या पट्ट्या हातावर घालावयास देऊन, त्या घामेजलेल्या पट्ट्या दोन-दोन करून डासांपुढे ठेवण्यात आल्या. कोण कोणास हरवितो याची जणू साखळी सामन्यांची स्पर्धाच तेथे चालली. आणि तीत 'क्रमांक ३३' या नावाने नोंदलेली व्यक्ती प्रत्येक सामना जिंकत गेली. सर्वांत कमी आकर्षक ठरलेल्यांच्या शंभर पटींहून अधिक तिचे आकर्षण भरले. पुढे काही वर्षे लोटल्यावरही तिची पट्टी पहिलीच राहिली. कारण शोधू जाता, डासांना प्रिय असणाऱ्यांच्या त्वचेवर कार्बॉक्झिलिक आम्ले अधिक असतात असे आढळले. त्या व्यक्तीचे नाव गुप्त ठेवले आहे, हे ठीकच झाले. नाहीतर पावसाळ्यात तिला प्रत्येक घरी अगत्याने बोलावणे गेले असते, आणि बसावयास दारातली जागा मिळाली असती.

उरला रक्तगट. जपानात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सोंड कापून टाकलेले डास माणसांच्या हातांवर सोडले गेले, तेव्हा 'ओ' गटाच्या लोकांवर ते 'ए' गटाच्या लोकांपेक्षा अधिक वेळा उतरले. यावरूनच तो मोबाइलवरचा निवाडा निघाला आहे. परंतु तो सर्व शास्त्रज्ञांना मान्य झालेला नाही, आणि सोंड नसलेल्या डासाची पसंती कितपत मनापासून असेल, हा प्रश्न मला तरी पडतोच. त्यापेक्षा बुर्किना फासो देशातला प्रयोग मला अधिक पटतो. तेथे ज्वारीपासून केलेली 'डोलो' नावाची स्थानिक बिअर प्यायलेल्या लोकांकडे डास अधिक वळले, पाणी प्यायलेल्यांकडे वळले नाहीत. निर्व्यसनी जीवनाचे श्रेय घेणाऱ्या गृहस्थांच्या कैफियतीला मिळू शकेल असा एवढाच दाखला उपलब्ध आहे, आणि तो त्यांना ठाऊक नाही.

त्या गृहस्थांविषयी आणखी एक बाब नमूद करणे जरूर आहे. डास चावल्याची खाज ही सोंडेच्या टोचणीची नसते. टोचताना जी लाळ आत सोडली जाते तिच्यातील द्रव्यांवर आपले शरीर जी आदळआपट करते तिची ती असते. ही आदळआपट कोणाच्या शरीरात फार होते, कोणाच्या शरीरात नाममात्र. आणि ज्यांना वर्षानुवर्षे चावून झालेले आहे अशा पुष्कळांच्या शरीराने ती जवळजवळ सोडूनच दिलेली असते. तेव्हा 'मला चावत नाहीत' याचा अर्थ पुष्कळदा 'मला चावल्याचे कळत नाही' इतकाच असतो. एकदा असे एक गृहस्थ कारल्याच्या रसाचे माहात्म्य सांगत असता त्यांच्या उजव्या कोपराच्या किंचित वर एक मादी येऊन बसली. वक्त्याच्या भाषणात व्यत्यय आणणे हा शिष्टाचार नव्हे, म्हणून मी ती केवळ न्याहाळीत राहिलो. तिने पुढच्या पायांनी जागा चाचपली. सोंडेचे बाहेरचे म्यान कोपरात दुमडल्यासारखे मागे वाकले आणि आतील केसाहून बारीक सुयांचा जुडगा कातडीत सरळ उतरला. मागचे दोन पाय तिने हवेत उंच धरले होते. पाहता पाहता तिचे करडे पोट फिकट गुलाबी, मग डाळिंबी होऊन फुगत गेले. गृहस्थ त्या वेळी 'अनशेपोटी' या शब्दावर जोर देत होते. सुमारे आपल्या वजनाइतका ऐवज गोळा करून तिने सुया ओढून घेतल्या, जड होऊन खाली खाली जात कशीबशी शेजारची भिंत गाठली, आणि तेथे विसावली. "एकही नाही," गृहस्थ म्हणाले, "आज इतका वेळ बसलोय!" शेजारच्या गोड रक्तवाल्यांनी तेवढ्यात स्वतःच्या गालावर चापट मारली.

व्यक्तींच्या अभिमानाची ही कथा झाली. स्थळांचा अभिमान तर याहून प्रखर असतो. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मशकांचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत सामुद्र आणि पार्वतीय अशी प्रदेशवार वाटणीही केलेली आहे, आणि पार्वतीय मशकाचा दंश प्राणहर कीटकांच्या दंशासारखा गणला आहे. यावरून 'आमच्याकडचे डास' हा विषय त्याही काळी बैठकीत निघत असावा आणि घाटावरच्या मंडळींनी किनाऱ्यावरच्या मंडळींना त्यात हार जाऊ दिलेली नसावी, असा माझा तर्क आहे. आजही पाहुणा मुलखाबाहेरून आला की त्यास आधी हवा विचारतात आणि मग डास. मालवणकडचा मनुष्य सांगतो की डास पाहावे तर आमच्या माडांच्या बागेत. डोंबिवलीकर हसून म्हणतो की तुम्ही आमच्या खाडीकाठी एक रात्र काढा. आणि पुणेकर हे ऐकून घेऊन, नदीवरच्या डासांचा विषय नगरपालिकेच्या स्थापनेपासून काढतो. आमच्या डासांनी मच्छरदाणी उचलून नेली नाही एवढेच, असे प्रत्येकाने दुसऱ्याच्या आधी म्हणून घेतलेले असते.

प्रत्यक्षात गावोगावचे डास निरनिराळे असतात हे खरे, पण ते गावाच्या पाण्यावर ठरते. क्यूलेक्स हा आपला रात्रीचा, कानाशी गुणगुणणारा, हत्तीरोगाचा प्रसारक. त्यास गटारे, शोषखड्डे, तुंबलेले नाले असे घाण पाणी लागते. मुळा-मुठेवर जलपर्णीची हिरवी चादर पसरून खालचे पाणी निश्चल झाले की त्याला जणू सरकारी जमीन इनामात मिळते, आणि काठावरच्या वस्त्यांतील मंडळी संध्याकाळी पाचलाच खिडक्या लावून घेतात. एडिस हा पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसाढवळ्या मेजाखालून घोट्यावर येणारा, डेंगीचा कारभारी. त्यास स्वच्छ पाणी हवे आणि तेही थोडकेच, नारळाच्या करवंटीत, टायरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, फ्रिजच्या मागच्या तबकात मावेल इतके. आणि ॲनॉफिलीस म्हणजे हिवतापाचा, बसला की शेपूट वर करून तिरका बसणारा. त्याच्या पोटजाती फार आहेत. खेड्यापाड्यांत हिवताप पसरविणाऱ्या एका जातीला मनुष्यापेक्षा गुरेच अधिक प्रिय आहेत, त्यामुळे गोठ्यातील म्हैस आपल्या वाट्याचे पुष्कळ दंश परस्पर भोगीत असते, आणि तिची वंशावळ कोणी सांगत नाही. गडचिरोलीच्या जंगलभागात हा विषय थट्टेचा नाही, तेथे आजही हिवतापाने माणसे दगावतात. म्हणून तेथून लवकर निघून मी मुंबईस येतो, जेथे मूर्खपणा अधिक आणि औषधे जवळ आहेत.

मुंबईचा ॲनॉफिलीस म्हणजे स्टीफेन्सी. त्याने शहरी राहणी जितक्या लवकर आत्मसात केली तितक्या लवकर बाहेरगावाहून आलेल्या कोणत्याही कारकुनाने केली नसेल. पूर्वी त्याचा मुक्काम विहिरींत असे. चार्ल्स बेंटली या डॉक्टरांनी मुंबईतील हिवतापाची चौकशी करून १९११ साली जो अहवाल दिला त्यात घरोघरच्या विहिरी हेच त्याचे मूळ असल्याचे दाखवून त्या बुजवाव्यात अथवा पक्क्या झाकाव्यात असे सुचविले. झाले! रोगापेक्षा इलाजाने शहर अधिक तापले. विहिरीचे पाणी धर्मकृत्यास लागते असा आक्षेप पारशी मंडळींकडून आला, हिंदूंकडूनही आला. अर्ज गेले, शिष्टमंडळे गेली, वर्तमानपत्रांत पत्रे आली, आणि ज्या विषयावर सर्व पंथांचे इतके ऐकमत्य झाले असा दुसरा विषय त्या काळात मला तरी आढळत नाही. तरीही पुष्कळ विहिरी कालांतराने बुजल्या. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही मोठ्या भक्तिभावाने राखलेली आहे; पण तिच्या बरोबरीच्या कित्येक विहिरींवर आता दुकाने उभी आहेत.

स्टीफेन्सी मात्र बेघर झाला नाही. नळ आले, नळाबरोबर गच्चीवरच्या टाक्या आल्या, आणि तो विहिरीतून निघून थेट सातव्या मजल्यावर राहावयास गेला. "आमच्याकडे डास नाहीत, आम्ही चौदाव्या मजल्यावर आहोत," असे अभिमानाने सांगणाऱ्या कुटुंबास हे ठाऊक नसते की डासांचे माहेर त्यांच्या डोक्यावरच्या स्लॅबपलीकडे आहे. यास्तव महापालिकेच्या कायद्यात टाकीस घट्ट बसणारे झाकण आणि तपासनिसाला वर चढता येईल अशी शिडी असलीच पाहिजे असा दंडक आहे. आणि मुंबईतील सहकारी गृहसंस्थांच्या वार्षिक सभांत शिडीचा विषय जितक्या वेळा तहकूब झाला असेल तितका क्वचितच दुसरा एखादा झाला असेल. बांधकाम चालू असलेल्या इमारतींच्या साचलेल्या पाण्यातही त्याची वाढ होते. गोव्यात १९८६ पासून पणजीत हिवताप जो उसळला त्यात या बांधकामांचा आणि याच स्टीफेन्सीचा हात होता.

सगळ्या जगात डासावाचून असलेला असा वसलेला मुलूख म्हणजे आइसलंड, अशी ख्याती कालपरवापर्यंत होती. शेजारच्या ग्रीनलंडात आणि नॉर्वेत उन्हाळ्यात डासांचे ढग उठत असता या एका बेटावर ते नव्हते. परंतु २०२५ च्या ऑक्टोबरात तेथेही तीन डास सापडले, दोन माद्या आणि एक नर. आणि तेही पतंग पकडण्यासाठी साखर घातलेल्या मद्यात भिजवून टांगलेल्या दोरीवर! तीन डासांची बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत यावी, ही गोष्ट ज्यांच्या उशाशी रोज रात्री त्याहून अधिक असतात अशा आपल्या लोकांना अपमानास्पद वाटणे साहजिक आहे.

आता हे डास येतात कोठून, या प्रश्नावर आपल्याकडे एकच उत्तर असते, ते म्हणजे पलीकडून. बंगल्यात राहणारे चाळीकडे बोट दाखवितात, चाळीतले झोपडपट्टीकडे, झोपडपट्टीतले नाल्याकडे, आणि नाल्याला बोलता येत नसल्यामुळे वाद तेथे मिटतो. क्यूलेक्सच्या बाबतीत यात थोडे तथ्य आहे, कारण तो वारा पाठीशी असेल तर मैल-दोन मैल येऊ शकतो. परंतु एडिस हा फार थोड्या अंतरापलीकडे सहसा जात नाही. जेथे जन्मला त्याच्या शे-दोनशे मीटरांच्या हद्दीतच त्याचा संसार आटोपतो. शिवाय त्याची अंडी कोरड्या कुंडीच्या कडेला चिकटून महिनेच्या महिने जिवंत राहतात आणि पाणी लागताच फुटतात. तेव्हा घोट्याला चावलेला पट्टेवाला डास परगावचा नव्हे. तो बहुधा घरचाच, निदान त्याच जिन्यावरचा असतो.

हे सत्य ज्यांना सर्वप्रथम उमगले त्यांत लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस होते. १८९७ च्या ऑगस्टात सिकंदराबादेस त्यांनी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्यास एका डासामागे एक आणा या दराने चावून घ्यावयास लावले, आणि २० तारखेस त्या डासांपैकी एकाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. (डास चावल्याबद्दल रोख मेहनताना मिळालेला हुसेन खान हाच माझ्या मते या क्षेत्रातला खरा मानकरी, त्याच्या रक्तास त्या दिवशी खरोखरीच किंमत आली.) परंतु त्यापूर्वी चौदा वर्षे, बंगळूरच्या लष्करी छावणीत असता, आपल्याच खोलीत डास फार का, याचा शोध घेताना रॉस यांना खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप उपडे करताच डास कमी झाले. उत्साहाने ते अधिकाऱ्याकडे गेले आणि छावणीतील सर्वच पिंपे, कुंड्या रित्या कराव्यात अशी सूचना त्यांनी केली. अधिकारीसाहेबांनी ती फेटाळली. डास हे सृष्टीच्या योजनेचा भाग असून ते सोसणे हे आपले कर्तव्य आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय रॉस यांनी आपल्या आठवणींत नोंदविला आहे. इंग्रज गेले, छावण्या गेल्या. पण तो अधिकारी कोठे गेला असे मला वाटत नाही. प्रत्येक गृहसंस्थेच्या कार्यकारिणीत तो निवडून येतो.

आमच्या शेजारच्या इमारतीत मागील वर्षी असाच प्रसंग घडला. गोड रक्ताच्या एका गृहस्थांनी नाल्याविरुद्ध लेखी तक्रार केली. नाल्याची पाहणी होऊन पावडर मारली गेली, तरी दिवसा घोट्याला चावणे थांबेना, म्हणून त्यांनी दुसरा अर्ज केला. त्यावर कीटकनियंत्रण खात्याचा एक तपासनीस खांद्याला पिशवी, हातात विजेरी आणि लांब दांड्याचा डाव घेऊन आला. टाकी पाहिली, झाकण घट्ट होते. खालचे आवार पाहिले. मग त्याने अर्जदारांच्याच दाराची घंटा वाजविली. दिवाणखान्यात खिडकीच्या कठड्यावर काचेच्या सुरेख बाटल्यांत मनीप्लँटच्या वेली सोडलेल्या होत्या. त्याने विजेरीचा झोत एका बाटलीतून आरपार टाकला. पाण्यात शेवयांच्या तुकड्यांएवढे काहीतरी डोके खाली, शेपूट वर करून लोंबत होते, आणि उजेड पडताच झटके देत तळाकडे गेले.

"अहो, हे पाणी तर मी एक दिवसाआड बदलते!" बाई म्हणाल्या.

"ताई, एवढी अळी व्हायला पाच-सहा दिवस लागतात," तपासनीस पॅड काढीत अदबीने म्हणाला. "नाव काय लिहू, साहेबांचं का तुमचं?"

गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. सेक्रेटरी तोवर वर आलेच होते. नोटिशीची एक प्रत फलकावर लावावी लागेल, असे त्यांनी आवाजात शक्य तितके दुःख आणून सांगितले. नाव लिहून झाले, कलम लिहून झाले, मुदत लिहून झाली. सहीकरिता पॅड पुढे आले तेव्हा गृहस्थांनी चष्मा लावून मजकूर दोनदा वाचला आणि मग खाली राहिलेल्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले,

"इथं एवढं लिहा. 'अळ्या स्वच्छ पाण्यात आढळल्या.'"

तपासनिसाने एकदा त्यांच्याकडे, एकदा बाटलीकडे पाहिले, आणि तसे लिहून दिले.